सहाजणींत पहिली

पाषाण-सूस रस्त्यावर पहाटे साडेचारला
कुत्री मला ओळखायची.
पहिल्या वर्षी पोटरीला चार टाके,
दुसऱ्या वर्षी तीच कुत्री चढ संपेपर्यंत सोबत,
आणि उतार आला की थांबायची. शहाणी होती.

पायांखाली चाकं लावलेल्या पट्ट्या,
हातांत छातीएवढ्या काठ्या, टोकाला लोखंड,
डांबरावर टक् टक्,
जणू कुणी झोपलेल्या शहराचं दार वाजवतंय
आणि कुणी उघडत नाही.
दूधवाल्यानं एकदा सायकल थांबवून विचारलं,
ताई, हे कशासाठी?
म्हटलं, बर्फासाठी.
तो म्हणाला, हो, यंदा लादी फार महागलीय.

गतिरोधक सतरा. खड्डे मोजले नाहीत,
ते दर आठवड्याला जागा बदलायचे.
सूसच्या खिंडीत श्वास असा फाटायचा
की वाटायचं, आतली शिवण उसवली.
खडकीच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून येणारे बाबा
स्कूटर बाजूला लावून घड्याळ बघायचे
आणि आकडा सांगायचे. फक्त आकडा.
चांगला की वाईट, ते मी त्यांच्या किक मारण्यावरून ओळखायचे.

गुलमर्गला पहिल्यांदा बर्फ पाहिला तेव्हा एकोणीस वर्षांची होते.
पाहिला म्हणजे, पडले त्यात. उठले. पडले.
बशारत सर मुठीत बर्फ दाबायचे, वास घ्यायचे,
मग सांगायचे: आज निळं मेण. आज जांभळं.
मेण लावायला मी घरची इस्त्री नेली होती,
जिनं आईनं माझा शाळेचा गणवेश दहा वर्षं कडक ठेवला.
तळाला मेण बसलं ते बसलंच.
आई फोनवर म्हणाली, राहू दे, तू जिंक.

जिंकले.
राष्ट्रीय स्पर्धा, पाच किलोमीटर, सुवर्ण.
पेपरात चार ओळी आल्या, खालच्या कोपऱ्यात,
त्यात माझं आडनाव चुकलं होतं
आणि एक गोष्ट नव्हतीच:
की आम्ही धावलो सहाजणी.
पुढची चार वर्षंही मीच. कधी सात होतो. एकदा पाच.
सत्कारात लोक टाळ्या वाजवायचे
तेव्हा मी मनात आकडा धरून बसायचे,
बाबांसारखी.

मग तो परदेशातला दिवस. उणे चौदा.
निवेदकानं "खळदकर" म्हणून बघितलं,
दोनदा घसरला, आणि नुसतं देशाचं नाव घेतलं.
तिसऱ्या किलोमीटरला सगळ्या पुढे गेल्या,
त्यांच्या पाठी आधी रंग होत्या, मग ठिपके, मग झाडं.
नंतर मागून आवाज आला.
वळून पाहिलं तर एक म्हातारा
मार्गाच्या झेंड्या उपटत येत होता.
मी पुढे सरकले की माझ्यामागची शर्यत
तो गुंडाळून काखेत घ्यायचा.
चढावर मी जवळजवळ थांबले.
तोही थांबला.
वाकून बुटाची नाडी बांधू लागला.
त्याच्या बुटाला नाडी नव्हती, झिप होती.

त्या चढावर मी जेवढी जोरात गेले
तेवढी कधीच, कुठेच गेले नाही.
त्याचा आकडा कुणी लिहिला नाही.

आता औंधच्या शाळेत पीटी शिकवते.
मुली विचारतात, मॅडम, तुम्ही चॅम्पियन होता?
हो म्हणते. घंटा होते.
पट्ट्या माळ्यावर आहेत, चाकं धाकट्याच्या गाडीला.
सूस रस्त्यावर एवढ्या इमारती झाल्यात
की चढ कुठून सुरू व्हायचा, ते पोटऱ्यांनाच विचारावं लागतं.

इस्त्री तीच आहे.
नवऱ्याच्या शर्टांना कॉलरपाशी
एक पुसट, गुळगुळीत डाग पडतो, धुऊन जात नाही.
तो कुरकुरतो, नवी घेऊ म्हणतो.
परवा चहा सांडला त्याच्यावर,
आणि मी बघत राहिले:
थेंब थांबला नाही, भिजला नाही,
कॉलरवरून सरळ
घसरत गेला.