चाळीस

मॉरीन थॅकरे शिडी काढते
पाठकोऱ्या कागदावर, पट्टी न लावता.
सगळ्यात खालच्या पायरीवर मी लिहायचं
'पक्षी', नुसता शब्द, आणि समोर आकडा:
शून्य ते शंभर, किती भीती.
मी बारा लिहिते. खोडून अठरा.
मराठीत लिहिलं तर बावीस, असं सांगते.
ती मान हलवते,
जणू स्कारबरोमध्ये हे रोजचंच.

सगळ्यात वर काय, ते विचारावं लागत नाही.
खिडकीबाहेर ते ओरडतच असतं.

आधी सैल व्हायला शिकायचं.
लिंबू पिळल्यासारखी मूठ आवळ, पाचपर्यंत मोज, सोड.
मला लिंबू जमत नाही. मी ओला पंचा पिळते,
पीळ सोडते, पाणी कोपरावरून ओघळतं.
खांदे कानांना लाव. सोड.
दात आवळ. सोड.
किती वर्षं आवळून होते,
ते दात सुटल्यावर कळलं.

तीन आठवडे चित्रातलं बदक, पिवळंधमक, टोपी घातलेलं.
मग काचेच्या बरणीत एक पीस,
खोलीच्या त्या टोकाला.
मग या टोकाला.
मग झाकण उघडं.
पंचा, खांदे, दात.
पासष्ट. अठ्ठावन्न. पुन्हा पासष्ट,
कारण हीटरच्या वाऱ्यानं ते हललं.
"थांब इथंच," मॉरीन म्हणते,
"भीतीला कंटाळा येऊ दे."

कधीपासून, हे तिनं एकदाच विचारलं.
इचलकरंजी. सात वर्षांची मी.
न्हाणीघर, चुकून बाहेरून लागलेली कडी,
आणि आत माझ्यासोबत एक पारवा.
बाकी सगळा पंखांचा आवाज.

त्याआधी मी घासाघासाला पाखरं बोलवायचे,
हा चिऊचा, हा काऊचा.
त्यानंतर आईनं माझे घास वाटले
मांजराला, यंत्रमागाला, पोस्टमनला.
पोस्टमनच्या नावानं मी वरणभात फार खाल्ला.

शिडीवर लिहिलं नाही ते हे:
अप्पांचा दहावा मी पाहिला
फार्मसीच्या मागच्या खोलीत, फोनवर,
खोकल्याच्या औषधांच्या खोक्यावर बसून.
कावळा शिवेना. दीड तास.
भाऊ म्हणाला, त्यांचं काही राहिलंय का बघ,
तू काहीतरी कबूल कर.
आणि मी फोनच्या काचेवर अंगठा दाबून,
नेमकी पिंडावर,
तो येऊ नये म्हणत होते.
शेवटी दर्भाचा केला कावळा.
तेवढा मला बघवला.

आज बंदर. ऑक्टोबर.
कठड्यावर तो बसलाय, चोचीवर लाल ठिपका,
कुंकू विस्कटल्यासारखा.
माझ्या हातात चिप्सचा पुडा, व्हिनेगरनं तळ भिजलेला.
शेजारी पाटी: पक्ष्यांना खायला घालू नये. दंड.
मॉरीन तीन पावलं मागे, नाक पुसत.

ऐंशी.
पंचा. खांदे.
वारा त्याची पिसं उलटी फिरवतो,
आणि त्यालाही ते आवडलेलं दिसत नाही.
सत्तर.
दात.
पंचावन्न, मग कितीतरी वेळ पंचावन्नच.
एक बाई कुत्रं घेऊन गेली.
तो हलला नाही, म्हणून मीही नाही.
चाळीस.

चाळीसवर अडकले.
मॉरीनचे पाय गारठलेत, ती बोलत नाही.
त्यानं मान तिरकी केली, एका डोळ्यानं पाहिलं,
जसं कुणी म्हणतं, बोल, काय राहिलंय.
ओठांवर आलं, हा घास,
आणि पुढचं नाव नाही सुचलं.
पाटी होतीच समोर.

"किती?" मॉरीन विचारते.
चाळीस, मी सांगते.
ती वहीत लिहिते, तारीख घालते.
चिप्स थंड झालेत. दोघी मिळून खातो,
गाडीत बसून, काचा वर करून.