शिल्लक

दर महिन्याच्या तीन तारखेला
लेम्पी मावशीच्या खात्यातून मी चेक फाडतो.
एकतीस वर्षं तिनं डुलुथमध्ये शाळेची बस चालवली,
पहाटे पाचला, बर्फात, इंजिन तापवत,
आणि ओव्हरटाइमचा डॉलर न् डॉलर बाजूला टाकला.
कशासाठी, ते कधी बोलली नाही.
आता तो जातो
तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवण्यात,
गाजराचा लगदा चमच्याने भरवण्यात.
खिडकीतून सरोवर दिसतं, त्याचे वेगळे.

काल डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे.
मी हसलो.
गाडीत बसल्यावर पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला:
चौदा महिने.
मग गिरगटून टाकला,
जणू मागच्या सीटवर कुणी बसलं होतं.

तिला वाटतं, हे हॉटेल आहे.
"बिल दिलंस ना? फुकटचं राहायचं नाही हं कुणाकडे."
दिलं, मावशी.
मग उशीखाली चाचपत
बिंगोत जिंकलेली तीन नाणी काढते,
माझ्या मुठीत दाबते. "खात्यात टाक."

बँकेतल्या मुलीनं स्लिप दोनदा वाचली.
पंच्याहत्तर सेंट?
हो, म्हटलं, तेवढेच.
पावती वरच्या खिशात ठेवली आहे.
ती मागणारच.