दीड सूत

नवी कार्ट्रिज नागपूरहून आली, काड्यापेटीएवढ्या खोक्यात.
भिंगाखाली धरली तेव्हाच कळलं, ठेंगणी आहे.
जुनीपेक्षा अर्ध्या सुतानं.
आणि या टर्नटेबलचा दांडा कारखान्यानंच ठोकून बसवलेला,
वर होत नाही, खाली होत नाही,
आमच्या जिनातल्या जुन्या मॅनेजरसारखा.

दांडा तबकडीला समांतर हवा, एवढंच मागणं.
मागची बाजू वर राहिली की प्रत्येक ‘स’ कानात कुसळासारखा घुसतो
आणि ढोलकीचं पोट खपाटीला जातं.
मागची बाजू बसली, तर सगळे
तोंडात सुपारी धरून गातात.
दांडा हलत नसेल तर जमीन उचलावी.
म्हणजे मॅट.

तीस हंगाम मी रोलर आणि सुरीमधली फट लावली,
आर्वी-तळेगाव रस्त्यावरच्या जिनात,
फिलर गेजची पाती बोटांत धरून.
फट जास्त झाली तर सरकीला रुई राहते,
कमी झाली तर चामडं जळल्याचा वास गेटापर्यंत.
तेव्हा अर्धा सूत म्हणजे काय
हे मला कोणी सांगायला नको.

जुनी रबराची मॅट एक सूत. पाहिजे दीड.

आधी टोपीवाल्या रहमतकडून फेल्ट आणलं.
पण वैशाखातली हवा, घागरीवरचं फडकंही घटकेत कडकडीत;
तबकडी उचलली की फेल्टही वर,
चट् असा आवाज, हातावरचे केस उभे.
मग वायरमन मेश्रामनं कॉर्क दिला,
ट्रान्सफॉर्मरच्या गॅसकेटचा उरलेला तुकडा.
कापला गोल, रबरावर ठेवला. दोन सूत.
सुपारीवाले परत आले.
कॉर्क एकटाच ठेवला तर एक सूत,
म्हणजे जिथे होतो तिथेच.
शिवाय थाळी लोखंडाची, कार्ट्रिजच्या पोटात चुंबक:
जवळ गेली की ओढते.
सोनाराच्या काट्यावर दोन ग्रॅम लावलेलं वजन
थाळीशी पोचेपर्यंत किती होतं, ते तिलाच ठाऊक.

आठ दिवस असे गेले.
नवव्या दिवशी खिळ्यांचा डबा शोधताना
रोलरचा एक वॉशर हाती लागला, न वापरलेला.
शिवण उसवली. चामड्याचा एकेक पदर सुटा झाला.
एक पदर गेजवर धरला:
अर्धा सूत. ना केस जास्त, ना केस कमी.
मधलं भोक चौकोनी, शाफ्टचं,
पण त्यावर तबकडीचं लेबलच येतं, कोणाला दिसतंय?
काटा पुन्हा मांडला, त्याच उंचीवर, चामड्यावर.
दोन ग्रॅम.

लावली ती सात इंची तबकडी,
आमच्या गावच्या खडी गंमत पार्टीची,
चौऱ्याहत्तर साली भरलेली, एकुलती एक.
पंचफुला पडवीत तूर पाखडत होती.
सूप थांबलं.
उंबऱ्याशी आली, ओल्या हातानं पदर सावरत.
“हे तुनतुनं माह्या बापाचं होय न?”
मी म्हटलं, असेल.
“आजवर तं कधी नाई आलं आयकू.
लोक म्हनत, दादाराव नुसता मागं उभा राह्यते.”

ढोलकीच्या आडून, शाहिराच्या खांद्यामागून
ती एकच तार चालली होती,
न चुकता, न पुढे येता.
बाजू संपेपर्यंत ती उभीच राहिली.
मग म्हणाली, “परत लाव.”
आणि पाखडायला निघून गेली, सूप मात्र हळू हलवत.

भिंतीवर शिसपेन्सिलनं लिहून ठेवलं: दीड सूत.
खाली तारीख.
आता बारा इंची तबकड्या राहिल्यात, चाळीसेक.
चामडं सात इंचीच आहे.
मेश्राम म्हणतो, बैलाच्या जुन्या पट्ट्याचं बघू.
बैलाचा पट्टा कुठे सारख्या जाडीचा असतो?
तरी म्हटलं, आण.