चार वाजून दहा मिनिटं

अ‍ॅव्हरिल टॉन्किन, एक्क्याण्णव, खोली चौदा.
तीन महिन्यांत पाच वेळा पडली.

आम्ही पलंग खाली केला, गालिचा उचलला,
संडासापाशी रात्रीचा दिवा,
पायात लाल मोजे, तळव्यांना रबरी ठिपके.
डॉक्टरांनी झोपेची गोळी अर्ध्यावर आणली.
पलंगाशी चटई अंथरली. पाय टेकला
की ती माझ्या खिशात किंचाळते.
मी धावते. पण कॉरिडॉर लांब,
आणि रात्री चाळीस जणांना आम्ही दोघी.

फॉर्मवर रकाने आहेत:
डोकं आपटलं का. चष्मा होता का. वॉकर हाताशी होता का.
कुठं निघाली होती,
याला रकाना नाही.

पाचही फॉर्म शेजारी शेजारी मांडले एकदा.
चार दहा. चार पाच. चार दहा. चार बारा. चार दहा.
संडास डावीकडे,
आणि ती दर वेळी उजव्या अंगाला, दाराच्या वाटेवर.

लिओन्गाथाला तिच्या मुलाला फोन लावला.
"धारा," तो म्हणाला. "साठ वर्षं. नाताळलासुद्धा.
मी झालो त्या पहाटेही तिनंच काढल्या."

मला हसूच आलं. मी अचोल, गुरांतली पोर.
बोरकडे आम्ही लेकींना गाईंच्या रंगांची नावं ठेवतो,
माझी बहीण आयेन, फिकट तांबूस.
कास तटतटून हंबरणारी गाय बाहेर उभी असताना
कोण लोळत पडेल?
कसली चटई न् कसलं काय.

आता चारच्या आधी मीच जाते. चहा नेते.
आधी बसायचं. पाय खाली सोडायचे.
घोटे फिरवायचे, डोकं जागेवर येईस्तोवर.
"किती आहेत आज?"
"बहात्तर."
"डचेस?"
"लाथाळ आहे. तिला शेवटी घे."
मग उठायचं. मग चालायचं,
काचेच्या दारापर्यंत.
बाहेर गिप्सलँडचं धुकं,
टेकडीपल्याड कुणाच्यातरी गोठ्यात दिवे.
"कुणी आहे तिथं?"
"आहे."
"मग झालं," म्हणते, आणि वळते.

सात आठवडे एकही फॉर्म नाही.
आठव्यात मी रजेवर.
मनगट मोडलं.

फळ्यावर लिहून ठेवलंय आता, ठळक:
चौदा नंबर. चारच्या आत जा. विचारा, किती आहेत.

एजन्सीचा नवा मुलगा वाचतो, परत वाचतो.
"किती काय?"

बस, म्हटलं. चहा घे.