हवा कमी कर आधी

कांगच्या पुढे डांबर संपतं तिथे बाबा थांबायचे.
टोपी मागे सारून गाडीभोवती एक फेरी,
मग पुढच्या दोन्ही चाकांचे हब
बरणीचं झाकण फिरवावं तसे हाताने लॉक.
घाई नाही.
तीस वर्षं पशुवैद्यक खात्याची लस
त्यांनी बर्फासकट पोचवली कालाहारीत,
कुणाकडे दोर मागितला नाही.

ओराबिले थांबला नाही.
त्याची गाडी नवी, गाबोरोनेहून आणलेली,
गोल बटण फिरवलं की पडद्यावर वाळूचं चित्र येतं.
"तिला कळतं सगळं," म्हणाला.
आणि आम्ही चौघं भावंडं, पुढे दोघं मागे दोघं,
बाबांची गुरं वाटून घ्यायला निघालो.
सत्तावीस गुरं, चार जण.
भागाकार कुणीच मोठ्याने केला नव्हता.

चौदाव्या किलोमीटरला मऊ वाळू.
गाडी मंदावली, त्याने पाय दाबला.
गाडी बुडाली, त्याने आणखी दाबला.
चारी चाकं एकदम खणू लागली,
जणू चार उंदीर एकाच बिळासाठी.
इंजिन ओरडत होतं, सगळा जोर वाळूत,
फेस ना पाणी.

"पाय काढ," मी म्हटलं.
त्या दिवसातलं माझं पहिलं वाक्य.

बाबांचं सांगणं फार नसायचं.
जिथून गाडी न्यायची तिथून आधी पायी चालून ये.
वाळूला जोर कळत नाही, पाऊल कळतं.
त्साबोंगच्या पोलिसांकडे पूर्वी उंट असायचे,
त्यांचे तळवे बघ, म्हणायचे,
आणि चाकाला तसा तळवा दे.

प्रत्येकाला एकेक चाक दिलं.
त्सेनोलो गुडघ्यावर बसली, शहरातल्या पांढऱ्या पॅन्टमध्ये,
काडीने व्हॉल्व्ह दाबून.
मोथिबीने पुढचं डावं घेतलं.
चार कोपऱ्यांतून चार फुसफुसाट.
इतका वेळ आम्ही एकत्र गप्प
फक्त दफनाच्या दिवशी बसलो होतो.
सव्वा बार. मी मोजून घेतलं.
मग फावडं, मग हात.
बॉनेटखाली रेडिएटरच्या जाळीत
गवताचं बी ठासून भरलेलं, तेही काढलं,
नाहीतर गाडी बुडाली नसती तर पेटली असती.

लो रेंज. रिव्हर्स.
"आलो त्याच चाकोरीतून मागे," मी ओराबिलेला म्हटलं,
"आणि अंड्यावर पाय ठेवल्यासारखा पाय ठेव."
त्याने माझ्याकडे बघितलं, मग आरशात.
गाडी डुलली, थांबली, पुन्हा डुलली,
आणि म्हातारी गाय उठते तशी
मागच्या पायांवर आधी उठली.

वाटणीचं सांगत नाही. झाली.
सहा, सहा, सहा, सहा.
दोन वासरं गुराख्याला दिली, कुणी हरकत घेतली नाही.
एक लाल गाय उरली, शिंग मोडलेली,
बाबांच्या हातूनच मीठ खाणारी.

परतीला डांबर लागलं तसं मी म्हटलं, थांब.
फोर व्हील काढ आता.
"राहू दे की, पकड चांगली असते," मोथिबी.
नसते.
वळणावर प्रत्येक चाकाला वेगळं अंतर कापायचं असतं,
आतल्याला थोडं, बाहेरच्याला जास्त.
वाळू हा फरक पोटात घालते.
डांबर घालत नाही.
बांधून ठेवलीस तर एक दिवस
आतून काहीतरी कडकन् तुटतं,
आणि आवाज आला की उशीर झालेला असतो.
हेही बाबाच.
ओराबिलेने बटण फिरवलं. काही बोलला नाही.

आता छोटा कंप्रेसर घरघरतोय.
एका चाकाला सात मिनिटं.
ऊन उतरलंय, त्सेनोलोने बिलटाँग काढलंय,
तुकडा माझ्याकडे न बघताच पुढे केला.
लाल गाय कुणाची
हे अजून ठरलेलं नाही.
तिसरं चाक चालू आहे.