कुशीची नजर

वेर्ल्याला पोचलो तेव्हा सात वाजले होते,
कार्तिकातली अवस.
देवळाच्या वळणावर एकच दिवा, पंचायतीचा,
तो कुष्टानं विचारून-सवरून घालवून घेतला.
तीस वर्षं वीजखात्यात खांबावर चढलेला माणूस
निवृत्त झाल्यापासून
लोकांना दिवे घालवायला सांगत फिरतो.

पश्चिमेला मडगावचा उजेड,
आंबोळी करपावी तसा कडेला तांबूस.
बाकी काळोख. जुना, घट्ट.

दुर्बीण आमची घरचीच.
आरसा कुष्टानं घासला, एक अख्खा पावसाळा:
फेणीचं रिकामं पिंप, त्यावर काच, काचेवर काच,
मध्ये कार्बोरंडमची पूड,
आणि भोवती हा, उघडाबंब,
प्रदक्षिणा घालत.
आईला वाटलं, ह्याला कुणीतरी काहीतरी केलं.
नळी फणसाच्या फळ्यांची.
दव पडलं की अजून गोडसर वास येतो.

एकवीस वर्षं
तो बघायचा, मी लिहायची.
गुडघ्यावर वही, टॉर्चला चवथीच्या मखराचा लाल कागद.
"फिकट. लांबट. मध्ये जराशी दाट."
वेळ, वारा, दव.
माझं अक्षर चांगलं, म्हणायचा.
बघायची मीही अधूनमधून: चंद्र, शनीचं कडं,
पाहुण्यांना दाखवतात ते.

आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
जानेवारीत बांबोळीची तारीख.
म्हणून आज वही त्याच्या मांडीवर.

"तिमिंगिलाच्या शेपटीचा तारा धर.
तिथून चार बोटं खाली ये."
आले.
काही नाही. काळं. डोळ्यातलंच पाणी.
"आसा थंय. तिका पळोव नाका, कुशीक पळय."

कुशीला बघायचं म्हणजे
जे हवं त्याच्यावरून नजर काढून घ्यायची
आणि मन तिथंच ठेवायचं.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

तिकडे इंग्लंडात एक बाई होती,
चार फुटांहून थोडी उंच,
भावाच्या दुर्बिणीशेजारी बसून आकडे लिहायची,
थंडीत शाई गोठायची.
एकदा बर्फात घसरली, लोखंडी आकडा मांडीत घुसला.
सतराशे त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात
धूमकेतू शोधता शोधता
स्वतःच्या लहान दुर्बिणीतून
तिला हीच सापडली.
तिच्या आकाशात ही पार क्षितिजाशी,
शेजाऱ्याच्या धुराड्याला टेकल्यासारखी.
माझ्या इथं माडाच्या झावळ्यांहून वर,
अर्ध्या आभाळात.
तारा नव्हे, धूमकेतू नव्हे, एवढंच तिला कळलं.
पुढं एकशे चाळीस वर्षं सगळे ढगच म्हणत राहिले.
ढगात तारे आहेत, कोट्यवधी,
हे सांगायला तिच्यापाशी कुणी पोचलं नाही.

मी कुशीला बघते,
पोफळीच्या शेंड्याकडे, कुठंच नाही,
आणि ती येते.
येते म्हणजे काय.
पाटावर सांडलेलं पीठ
हातानं पुसून घेतल्यावर राहतं ना,
तेवढं.
नीट बघावं तर जाते.
कोटीच्या वर वर्षं चालत आलेला उजेड
आणि मी पापणी लववली म्हणून त्यातला थोडा वाया.

"दिसली गे?"
मी उत्तर दिलं नाही.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला थांबायला लावलं.
खाली कुणाच्या तरी गोठ्यात घंटा हलली.
"बाय, किदें बरोवं?"
शब्द सगळे त्याचेच होते, फिकट, लांबट, दाट.
माझा एकही सापडेना.
"वेळ लिही," म्हटलं. "बाकीचं सांगते."

सकाळी चहाबरोबर वही उघडली.
काळोखात लिहिलेल्या त्याच्या ओळी
एकमेकींवर चढलेल्या, पान तिरकं,
मी नंतर काय सांगितलं ते त्यालाही लागेना, मलाही.
आठ पन्नास, तेवढं स्पष्ट.
त्याखाली काहीतरी खोडलेलं.
डोळे चोळत तो म्हणतो, हें तुजें अक्षर न्हय गो,
आणि हसतो.