शेऱ्याचा रकाना

नोंदवही उघडली की पानांना
घाणेरीचा वास येतो.

येऊर, कक्ष सात, ओढ्याची उजवी बाजू.
प्रजाती : टणटणी. क्षेत्र : वीस गुंठे.
पद्धत : मुळासकट. शेरा : पूर्ण निर्मूलन.
खाली माझ्या आधीच्या गार्डची
लफ्फेदार सही.

पुढच्या वर्षी तोच ओढा, तीच बाजू,
तेच पूर्ण निर्मूलन.
त्याच्या पुढच्या वर्षीही.

सहा वेळा संपलेली झुडपं
आज माझ्या खांद्याला लागतायत.

सुकरी वरठा कुदळीवर हात टेकून विचारते,
"बाई, तुमच्या वहीत बुलबुल लिवलाय का?
काळी फळं खातो, पार त्या टॉवरपर्यंत उडतो,
अन् पेरत जातो.
त्याची हजेरी कोण लावतं?"

रकाने सहाच. बुलबुलाला बसवू कुठे?

उन्हं कलली. टेप धरून मोजलं : चौदा गुंठे.
शेऱ्यात 'पूर्ण' लिहिलं.
खोडलं.
'या वर्षापुरती' लिहिलं.
साहेब विचारतील, हा काय शेरा झाला?

निघताना सुकरीनं हाक मारली.
उपटलेल्या गड्ड्यांच्या भुसभुशीत मातीत
बोटाएवढा कुडा, चार पानांचा.
"ह्यो आपला," म्हणाली,
आणि भोवती तीन दगड मांडले.

मी वही गुडघ्यावर घेतली.
समासात, पेन्सिलीनं, बारीक :
कुडा, एक.